मापाड्याचा नंबर

‘सदर करदात्याने सलग सहा वर्षे लोकरीच्या घाऊक व्यापारातून मिळालेले उत्पन्न हेतुपुरस्सर दडवले आहे.’

कर कार्यालयाच्या नोटिशीत हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होते. तेरा शब्दांचे वाक्य. त्यांतले ‘सलग सहा वर्षे’ हे तीन शब्द निर्विवाद खरे होते, आणि लोकर होती हेही कोणी नाकारत नव्हते. उरलेल्यांची मात्र एकेकाला उभे करून विचारपूस करायला हवी. ‘घाऊक व्यापार’ म्हणजे गावाबाहेर तीन भिंतींवर पत्रे टाकलेली एक शेड, तिच्या तुळईला टांगलेला लोखंडी काटा, आणि त्या काट्याकडे मान वर करून पाहता पाहता मानेचे कायमचे दुखणे लागलेला अठ्ठावन्न वर्षांचा मापाडी. ‘उत्पन्न’ म्हणजे सूतगिरणीकडून त्याच्या खात्यात येणारी रक्कम; ती सकाळी यायची आणि दुपारपर्यंत, लोकर ज्यांची होती त्या त्रेचाळीस घरांत वाटली जायची. मापाड्याच्या वाट्याला काट्याखाली सांडलेली बारीक लोकर तेवढी उरे. ती पिंजून त्याची बायको गाद्या भरी. ‘दडवले’ या क्रियापदाला तर हसावे की रडावे कळत नाही. सगळा व्यवहार कर कार्यालयानेच दिलेल्या नोंदणी क्रमांकावर, मापाड्याच्या स्वतःच्या नावच्या खात्यात, आणि ते खाते ज्या बँकेत होते तिच्याच माडीवर कर कार्यालय. चोरीचा माल फौजदाराच्या ओसरीवर नेऊन ठेवणारा चोर अजून जन्माला यायचा आहे. राहिला शब्द ‘हेतुपुरस्सर’. हेतू पाहायचा तर गावापर्यंत यावे लागले असते. शहरापासून गाव बावीस मैलांवर होते, रस्ता उडत्या धुळीचा होता, आणि वाक्य तर टेबलावर बसूनही पुरे होत होते.

नोटीस आली ती कातरणीच्या ऐन हंगामात. वारा तापलेला, माती पिठासारखी झालेली, आणि शेडबाहेर मेंढ्यांच्या ओरडण्यात माणसाचे बोलणे ऐकू येईना. तेलकट लोकरीचे हात पायजम्याला पुसून मापाड्याने पाकीट उघडले, पहिले पान धीराने वाचले, आणि आकडा दिसताच कागद बायकोच्या हाती दिला. साडेचौदा लाख. व्याज आणि दंड धरून. साठ दिवसांत न भरल्यास शेड, काटा आणि खालची जागा यांचा लिलाव.

बायकोने कागद दोनदा वाचला. मग घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

“सहा वर्षं गावाची ओझी डोक्यावर वाहिलीत,” ती म्हणाली, “ही त्याची पोच आली.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. फार वर्षांपूर्वी मापाड्याने कातऱ्या आणि सुतळीचे दुकान टाकले होते आणि त्यासाठी रीतसर नोंदणी क्रमांक काढला होता. दुकान दोन वर्षांत बसले, क्रमांक राहिला. पुढे गिरणीने नियम केला, की ज्याच्याकडे क्रमांक असेल त्याचीच लोकर फाटकातून आत येईल. गावात क्रमांक एकच होता. शेजाऱ्याची शिडी मागून न्यावी तसा गावाने तो मागून नेला, आणि शिडी देताना कोणी पावती करत नाही, तशी मापाड्यानेही केली नाही. पहिल्यांदा तो कोणाला दिला हे त्याला आठवत होते. पण ते तो कोणाला सांगत नसे.

या सगळ्यावर कायद्याने एक विनोद करून ठेवला होता, जो तेव्हा गावात कोणालाच ठाऊक नव्हता. आपल्या मेंढीची लोकर मेंढपाळाने स्वतः विकली तर तिच्यावर कर नाही. त्रेचाळीस घरांनी त्रेचाळीस वेळा विकली असती, तर सरकारला छदाम मिळाला नसता. ती एका माणसाच्या नावावर विकली गेली, म्हणून ती व्यापार झाली.

पहिला सल्ला मापाड्याने विकत घेतला. शहरात बाजाराच्या तोंडाशी ‘थकबाकीतून कायमची सुटका’ अशी पाटी होती. काचेचे टेबल, थंड हवा, आणि टेबलामागे अत्तर लावलेला सल्लागार. त्याने नोटीस बोटांच्या चिमटीत धरली, पाहिल्यासारखे केले आणि सांगितले, “काका, झोपा निवांत. दहा टक्क्यांत मिटवून देतो.” सरकारची तडजोड योजना होती, तिच्या अर्जावर सात ठिकाणी सही करायची, पहिला हप्ता त्याच्याकडे द्यायचा, पुढचे तो बघून घेईल. अर्जात काय लिहिले आहे असे मापाड्याने विचारले, तेव्हा सल्लागाराला मनापासून वाईट वाटले. डॉक्टरला कोणी औषधात काय आहे असे विचारतं का, असे तो म्हणाला. मापाड्याने सात सह्या केल्या. पहिल्या हप्त्यासाठी त्याने गाडीची घोडी विकली होती. ती विकत घेणाऱ्याच्या मागे निघाली तेव्हा तो शेडमध्ये नसती कामे काढून करत राहिला.

तीन महिन्यांनी दुसरी नोटीस आली. लिलावाची तारीख घातलेली, आणि सोबत एक वाक्य नवे: ‘करदात्याने संपूर्ण थकबाकी लेखी मान्य केली आहे.’ मापाडी शहराकडे धावला. पाटीच्या जागी चष्म्याचे दुकान होते. चष्मेवाल्याने त्याला आदराने बसवले, सकाळपासून असे आलेले तुम्ही तिसरे असे सांगितले, आणि नजर तपासून देऊ का म्हणून विचारले.

मापाड्याने हे घरी सांगितले तेव्हा बायको हसली नाही. ती म्हणाली, “तपासून घ्यायची होती.”

फुकट मिळणाऱ्या वकिलाबद्दल त्याला कळले ते बँकेच्या शिपायाकडून. न्यायालयाच्या मागच्या बाजूला, मोडक्या कपाटांच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी गरिबांसाठी कायद्याचा सल्ला मिळत असे. मापाडी दोन मंगळवार रांगेत बसून परत आला. पहिल्या मंगळवारी त्याच्यापुढे सतरा माणसे होती. दुसऱ्या मंगळवारी नऊच होती, पण खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर होता. शुक्रवारी त्याचा नंबर लागला. टेबलामागे तिशीची एक वकीलबाई होती, सर्दीने नाक लाल झालेली. कागदांच्या गठ्ठ्यावर उघडा ठेवलेला डबा, त्यात अर्धे जेवण. विकत घेतलेला सल्ला केवढ्याला पडला हे त्याने अनुभवले होते. फुकटचा केवढ्याला पडेल या धास्तीने तो खुर्चीच्या कडेला बसला.

बाईने मात्र प्रत्येक पान वाचले. मागची बाजूही वाचली. अर्ध्या तासाने तिने विचारले, “काका, हा पहिला हप्ता तुम्ही भरला?”

“दिला ना. त्या माणसाच्या हातात दिला.”

“त्यानं कार्यालयात भरला नाही.”

“म्हणजे घोडीही गेली.”

“घोडी गेली,” बाईने नाक पुसले, “पण शेड राहील कदाचित. हप्ता भरला नाही तर तडजोड आपोआप रद्द होते, आणि तडजोड रद्द झाली की तिच्यात दिलेली कबुलीही रद्द. हा त्यांचाच नियम आहे, कलम बाराखाली. त्या माणसानं प्रामाणिकपणे पैसे भरले असते, तर तुमच्यासाठी मला काहीच करता आलं नसतं.”

कोणत्या चोराचे आभार मानायचे ते मापाड्याला समजेना. बाईने तोवर वकीलपत्र पुढे केले. या वेळी त्याने विचारायच्या आधीच तिने ते पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवले, आणि एकाच ठिकाणी सही घेतली. अपिलाची मुदत टळली होती. ती माफ व्हावी म्हणून वेगळा अर्ज, लिलावाला स्थगितीचा वेगळा. मग तिने खरा प्रश्न विचारला. ही लोकर त्रेचाळीस घरांची होती याला पुरावा काय?

“भिंत,” मापाडी म्हणाला.

बाईने लेखणी खाली ठेवली. मापाड्याने समजावून सांगितले. वही त्याने कधी ठेवली नव्हती. प्रत्येक घराची मेंढ्यांवर रंगवायची खूण ठरलेली: शिडी, फणी, दोन ठिपके, कोंबड्याचा पाय. त्या खुणा शेडच्या मागच्या भिंतीवर ओळीने काढलेल्या, आणि जे वजन भरेल ते मापाडी त्या खुणेखाली कोळशाने लिही. घरधनी समोर उभा राहून पाही. दर हंगाम संपला की भिंत चुन्याने पांढरी केली जाई, आणि पुढच्या हंगामात पुन्हा खुणा काढून नवे वजन चढे.

“म्हणजे दर वर्षी तुम्ही सगळा पुरावा चुन्यानं पुसलात.”

“घाणेरडी भिंत ठेवायची का, बाई?”

या खोलीत बसून बाईने खोटे दस्तऐवज पुष्कळ पाहिले असतील, पण स्वच्छतेपायी बुडालेला माणूस पहिलाच असावा. तिने विचारले, यंदा चुना दिला का? दिला नव्हता. नोटिशींच्या धबडग्यात राहून गेले होते. म्हणजे गेल्या हंगामाचे वजन भिंतीवर जसेच्या तसे होते. “मग हात लावू नका,” ती म्हणाली. “मी रविवारी येते. फोटो काढू, आणि प्रत्येक घराचं प्रतिज्ञापत्र घेऊ.”

शनिवारी दुपारी मापाड्याची वहिनी शेडवर आली. थोरला भाऊ जाऊन आठ वर्षे झाली होती. वहिनी अकरा मेंढ्यांवर आणि सरकारी विधवा भत्त्यावर राहत होती. ती शेडच्या तोंडाशीच उभी राहिली आणि पाय झटकून धूळ उडवत राहिली, म्हणजे तिला काही अवघड बोलायचे होते.

“भावजी, उद्या नावं घेणार म्हणे.”

“घेणार.”

“लोकरीचं उत्पन्न म्हणून माझं नाव सरकारी कागदावर चढलं, की महिन्याचं बंद. गेल्या वर्षी त्या लोहाराच्या सुनेचं बंद झालं. तिच्या चार कोंबड्या निघाल्या म्हणून.”

“तुमचं नाव चढणार नाही.”

“आणि भिंतीवरची फणी?”

मापाड्याने भिंतीकडे पाहिले. वहिनीने पदर सारखा केला. “तुमचे भाऊ गेले ते बरं झालं,” ती म्हणाली. “नाहीतर त्यांनीच तुम्हाला हे ओझी वाहायचं खूळ शिकवलं म्हणून मी त्यांना घरात घेतलं नसतं.” एवढे बोलून ती गेली, उन्हात तिची सावली पायाखालीच होती. मापाड्याने थापी घेतली आणि फणीची खूण, तिच्याखालच्या वजनासकट, विटेपर्यंत खरवडून काढली. हात लावू नका, हे वकीलबाईचे शब्द त्याला आठवत होते. कायद्याची जाण नसलेला माणूस अशा वेळी जे करतो ते त्याने केले, आणि कायदा जाणणाऱ्यांनी नंतर त्याला जे म्हणायचे ते म्हटले.

रविवारी वकीलबाई धुळीने पिवळी होऊन गाडीतून उतरली. शेडमध्ये गाव जमले होते, पण सहीला कोणी पुढे येईना. बाईने सांगितले, की स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीवर कर नसतोच, सही केल्याने कोणाला काही भरावे लागणार नाही. त्याने तर संशय वाढला. कर नाही हे सांगायला कोणी बावीस मैल येईल यावर गावाचा विश्वास बसेना. कोणी म्हणाले, आज सही, उद्या नोटीस. कोणी म्हणाले, मापाडी आमचाच आहे, पण बायकापोरंही आमचीच आहेत. एकाने तर पाय दुखतात म्हणून बसून घेतले आणि तासभर काढता पाय कसा घ्यावा याचाच विचार केला. ज्यांच्यासाठी सहा वर्षे मापाड्याने मान मोडून घेतली, ते त्याच्या नजरेला नजर देईनात. मापाडी काट्याच्या साखळीला धरून उभा होता. त्याला राग आला होता, आणि राग कोणावर काढावा हे कळत नसल्याने तो साखळीचे गंजलेले कडे नखाने खरवडत होता.

प्रकरण तिथेच बुडाले असते, पण बाईने फोटो काढण्यासाठी भिंतीवरची वजने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शिडीची खूण, अडतीस शेर. दोन ठिपके, एकोणतीस. कोंबड्याचा पाय, एक्केचाळीस.

“एक्केचाळीस?” मागून आवाज आला. हा कानतुटका, ज्याच्या कानाचा तुकडा तरुणपणी एडक्याने घेतला होता. गर्दी कोपराने बाजूला सारत तो भिंतीपाशी आला. “माझी त्रेचाळीस होती. मी तेव्हाच म्हणालो होतो.”

“काटा एक्केचाळीसावर थांबला होता,” मापाडी म्हणाला.

“तुझ्या मानेत उसण भरली होती त्या दिवशी. तू वाकडा बघत होतास.”

“मान माझी वाकडी असेल, काटा नव्हता.”

“बाई, लिहून घ्या,” कानतुटका वकीलबाईकडे वळला. “माझी लोकर, माझ्या मेंढ्यांची, त्रेचाळीस शेर. एक्केचाळीसाचे पैसे ह्यानं दिले. लिहा, मी शपथेवर सांगतो. आणि ह्याला वाचून दाखवा.”

बाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, आणि छापील कोऱ्या अर्जावर लिहायला घेतले. लोकर कोणाची, किती, पैसे कोणी दिले, कधी दिले. कानतुटक्याने सही ठोकली आणि विजयी चेहऱ्याने बाजूला झाला. मग शिडीवाला पुढे आला. अडतीस बरोबर होते, पण कानतुटक्याचे त्रेचाळीस कधीच नव्हते, एक्केचाळीसही जास्तच झाले, आणि हे आपल्यालाही शपथेवर सांगायचे आहे असे तो म्हणाला. दोन ठिपकेवालीला तिच्या एकोणतीस शेरांत ओली लोकर धरली नाही अशी तक्रार होती. भीतीने जे अडवले होते ते वजनाच्या अभिमानाने झाले. ऊन उतरेपर्यंत बाईच्या बोटांना शाईचे डाग पडले आणि बेचाळीस घरांनी, एकमेकांना खोटे पाडत, मापाड्याला खरे ठरवले होते. जुन्या पाच वर्षांचेही सगळ्यांना तोंडपाठ होते. तेही लिहिले गेले.

निघताना बाईने भिंतीवरच्या विटकरी चट्ट्याकडे बोट केले. मापाडी म्हणाला, ओल आली होती. बाईने पत्र्याकडे पाहिले, तापलेल्या आभाळाकडे पाहिले, आणि कागद पिशवीत भरले.

सुनावणी चार वेळा पुढे गेली. एकदा फाईल सापडली नाही, एकदा साहेब सापडले नाहीत, दोनदा कारण सांगायची कोणाला गरज वाटली नाही. दर वेळी मापाडी पहाटेची गाडी धरून येई, बाकावर दिवस काढी आणि नवी तारीख घेऊन परत जाई. त्या दिवसाची मजुरी कोणत्या कलमाखाली भरून मिळते, असे त्याने बाईला एकदा विचारलेही. पाचव्या वेळी अपील अधिकारी खुर्चीत बसलेला सापडला. सभ्य, मितभाषी माणूस. त्याने बेचाळीस प्रतिज्ञापत्रे वाचली, तडजोडीचे कलम बारा वाचले, आणि कबुली रद्द असल्याचे मान्य केले. मग भिंतीचा फोटो उजेडात धरला.

“इथे त्रेचाळीस जागा आहेत. हा मोकळा तुकडा कोणाचा?”

बाई उत्तर देणार, तोच मापाडी उभा राहिला. त्याला खाली बसवण्यासाठी तिने त्याच्या बाहीला हात लावला. अधिकारी म्हणाला, बोलू द्या. आणि टंकलेखकाला खूण केली.

बाहेर जिन्यावर बाईने त्याला गाठले. ती चिडली होती, आणि सर्दीही पुन्हा झाली होती. “एक नाव सांगितलं असतं, काका, तर दंडसुद्धा गेला असता. एक नाव.”

“दंड माझा आहे, बाई,” मापाडी म्हणाला. “नाव माझं नव्हतं.”

आदेश महिन्याने आला. बेचाळीस घरांच्या लोकरीवरचा कर रद्द. लिलाव रद्द. त्रेचाळिसाव्या घराची लोकर, दावा सांगणारे कोणी पुढे न आल्याने, करदात्याचे स्वतःचे उत्पन्न धरून तिच्यावर कर. शिवाय पुरावा नष्ट केल्याबद्दल आणि नोंदणी क्रमांक इतरांस वापरू दिल्याबद्दल दंड. एकूण रक्कम दोन वर्षांच्या हप्त्यांत भरता येईल. म्हणजे दोन हंगाम बायको गाद्या भरणार आणि त्या कर कार्यालयाच्या खात्यावर जाणार. पण शेड राहिली, काटा राहिला. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द आदेशातही कायम होता. त्याला आधार म्हणून चौदाव्या परिच्छेदात अपीलकर्त्याचा कबुलीजबाब, टंकलेखकाने उतरवून घेतला तसा, एकही शब्द न गाळता दिला आहे:

‘ती खूण मी खरवडली, साहेब, आणि ती कोणाची होती ते मी सांगणार नाही. माझा नंबर पहिल्यांदा त्याच घराला वापरायला दिला, हे कबूल आहे. त्यांच्या अकरा मेंढ्यांची लोकर गिरणीनं फाटकातून परत पाठवली होती आणि घरात दुसरं काही नव्हतं. त्यांना त्यांचा स्वतःचा नंबर काढून द्यावा म्हणून मी तुमच्या याच कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा त्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता. तिसऱ्या दिवशी मी चार वाजेपर्यंत थांबलो, मग शेवटची गाडी चुकेल म्हणून निघालो. घरी येऊन त्यांना सांगितलं, माझाच लिहा.’